तिसऱ्यांदा विचारतील म्हणून

"आणि तेव्हा आमच्या दिनकरानं त्यांना काय सांगितलं, ते आता त्याच्याच तोंडून ऐका," असं म्हणून म्हैसकर सरांनी माईक माझ्या हातात दिला.

मिरजेला आमच्या शाळेच्या हॉलमध्ये माझा सत्कार चालला होता. खांद्यावर शाल, हातात नारळ आणि समोर दीडशे माणसं. म्हैसकर सर आमचे जुने हेडमास्तर. वय चौऱ्याऐंशी, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी पेपरातलं कात्रण दोनदा वाचून दाखवलं होतं : 'बड्या राष्ट्रांच्या दबावाला भारताचा ठाम नकार.' बातमीच्या शेवटच्या ओळीत माझं नाव होतं, तेही 'खासनीस'च्या ऐवजी 'खानीस' असं छापलेलं. सतरा देश एका बाजूला आणि मिरजेचा मुलगा एकटा एका बाजूला, असं सर म्हणाले. मिरजेचा मुलगा तेव्हा बावन्न वर्षांचा होता आणि उभं राहून त्याचे गुडघे दुखायला लागले होते.

मी माईक तोंडाशी धरला आणि म्हणालो, "मी 'नो, नो' असं म्हणालो."

टाळ्या थांबेनात. सरांनी माईक परत घेतला. "दोनदा म्हणाला. लक्षात घ्या, एकदा नाही, दोनदा."

पहिल्या रांगेत माझी बायको शैलजा बसली होती. खरा प्रकार माहीत असलेली त्या हॉलमधली ती एकटीच. ती छताच्या पंख्याकडे टक लावून बघत होती. मी तरी काय खोटं बोललो होतो? जे म्हणालो तेच सांगितलं होतं. आज त्याला चौदा वर्षं झाली. सर गेले, शाल बोहारणीनं नेली, मी निवृत्त झालो. आता सांगायला हरकत नाही.

परिषद युरोपातल्या एका थंड शहरात होती. विषय होता किनाऱ्याकिनाऱ्यानं चालणाऱ्या बोटींचा. प्रवासी लाँच, मच्छीमारी बोटी, छोटी मालवाहू जहाजं, या सगळ्यांच्या डिझेलच्या धुरातून हवेत जाणारा कार्बन कमी कसा करायचा हे ठरवायला अठरा देश जमले होते. पहिला दीड दिवस एका वाक्यात 'करतील' लिहायचं की 'करावेत' यावर गेला. मी एका खात्यातला मधल्या फळीतला अधिकारी. आमच्या प्रमुख भारद्वाज मॅडमना दुसऱ्या दिवशी संसदेतल्या कुठल्याशा प्रश्नासाठी दिल्लीला परतावं लागलं, आणि देशाच्या नावाची पाटी माझ्यापुढे आली. पाटी म्हणजे खरोखरची पाटी. बोलायचं असेल तर ती टेबलावर उभी करायची, की अध्यक्षांची नजर आपल्याकडे वळते. मी ती दोनदा उभी करून बघितली, उगीचच.

घोडं अडलं होतं ते कलम नऊवर. मोठ्या देशांनी ठरावीक सालापर्यंत आपल्या किनारी बोटींचा धूर निम्म्यावर आणायचा, आणि ते साल आकड्यांत लिहायचं, एवढंच ते कलम. श्रीमंत देश म्हणत, भारत मान्य करत असेल तर आम्ही करू. आम्ही म्हणत होतो, दीडशे वर्षं धूर तुम्ही सोडलात, तेव्हा आधी तुम्ही आवरा. दोघांचंही खरं होतं, आणि दोघंही एकमेकांकडे बघत हाताची घडी घालून बसले होते. श्रीमंतांच्या वतीनं हॉलिस नावाचा एक उंच, हसतमुख गृहस्थ बोलायचा. त्याच्या देशाचं नाव मी घेत नाही. मुलगी तिकडेच असते आणि मला अजून व्हिसा लागतो.

माझ्या शेजारी बसायचे तिमोतेओ मास्तर. पॅसिफिक महासागरातल्या एका चिमुकल्या बेटावरचे हेडमास्तर, वय साठीचं, अंगानं पैलवान आणि बोलण्यात मऊ. त्यांच्या देशाचं अख्खं शिष्टमंडळ म्हणजे ते एकटे. आमच्या बेटावर गरम कोट एकच होता, पाद्रीबाबांचा, आणि तो मला बसला म्हणून माझी निवड झाली, असं ते सांगायचे. त्यांची जागा दाराजवळ होती आणि दारातून गार वारा यायचा, म्हणून अध्यक्षांना विचारून ते आपली पाटी घेऊन माझ्या शेजारी, हीटरपाशी येऊन बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला आपल्या गावाबद्दल सांगितलं. दोनशे बारा माणसांचं गाव. भरतीचं खारं पाणी अळूच्या वाफ्यांत शिरायला लागलं होतं आणि कंद जमिनीतच कुजत होते. शेजारच्या देशानं दूरच्या डोंगरावर जमीन देऊ केली होती. जायचं की राहायचं, हे येत्या रविवारी चर्चनंतर गाव ठरवणार होतं. म्हाताऱ्यांनी मास्तरांना बजावून पाठवलं होतं की मोठ्या देशांनी साल लिहून दिलं तर त्या सालापर्यंत आपण बांध घालत, कळ काढत इथंच राहू. नाही लिहिलं तर बांध घालण्यात अर्थ नाही, बोजा बांधू.

"मला फक्त एक आकडा न्यायचाय," मास्तर म्हणाले. "धूर थांबला म्हणून समुद्र लगेच मागे जाणार नाही, ते आम्हाला कळतं. पण कुणीतरी काहीतरी करतंय हे कळलं की माणसं तग धरतात."

मला त्यांचं मनापासून वाईट वाटलं. पण मला वाटून काय उपयोग? माझ्याकडे दिल्लीहून आलेल्या सूचना होत्या, आणि त्यांत वाईट वाटण्याचा रकाना नव्हता.

आता माझ्यातली एक खोड सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिनं केलं. आमच्या घरात विचारल्याबरोबर 'हो' म्हणणं म्हणजे हावरटपणा. पाहुण्यांकडे गेलं की पहिल्यांदा 'नको', दुसऱ्यांदा 'नको हो, खरंच नको', आणि तिसऱ्यांदा 'बरं, अगदी थोडं'. पंगतीत जिलबी घेऊन वाढपी आला की पानावर आडवा हात धरायचा, तोंडानं नको नको म्हणायचं आणि बोटांत फट ठेवायची. वाढप्यालाही ते ठाऊक असतं. तो त्या फटीतून बरोब्बर दोन जिलब्या सोडतो. शैलजाला बघायला गेलो तेव्हा मी पोहे दोनदा नाकारले आणि तिसऱ्या आग्रहाला दोन बश्या खाल्ल्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते मला माहीत होतं. पण जित्याची खोड.

परिषदेच्या त्या दुसऱ्या दिवशीच चहाच्या वेळी याची एक झलक मला मिळालीही होती. आमच्या अध्यक्षा श्रीमती लुंड यांनी घरून बदामाचा केक करून आणला होता आणि स्वतः बशी घेऊन फिरत होत्या. सरळ, शांत, पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी मला विचारलं, केक घेणार? सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं. मी म्हणालो, "नो, नो." त्या म्हणाल्या, "छान," आणि पुढे गेल्या. मी त्या बशीकडे ती पार कोपऱ्यात जाईपर्यंत बघत राहिलो. तिमोतेओ मास्तरांनी तीन तुकडे घेतले. त्या बाईंच्या मुलखात माणूस नको म्हणाला की ते त्याचं मत असतं, आणि पुन्हा विचारणं म्हणजे त्याच्या मताचा अपमान. हे मला तिथेच समजायला हवं होतं. पण मला वाटलं, बाईंना पद्धत माहीत नाही, बिचाऱ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज मॅडमचा फोन आला. कलम नऊला वरून होकार मिळाला होता. माझा कानावर विश्वास बसेना. पण पुढे मॅडम म्हणाल्या, "एक लक्षात ठेवा, खासनीस. आपण होऊन पाटी उचलायची नाही. त्यांना विचारू दे, मग घ्या. आपण उतावळे आहोत असं दिसता कामा नये."

हे मला दिल्लीनं शिकवायला नको होतं. माझ्या आईनं ते मी चार वर्षांचा असतानाच शिकवलं होतं.

मी हॉलमध्ये गेलो तो एखाद्या नवरदेवाच्या डौलात. मास्तरांना काही बोललो नाही. सूचना गोपनीय होती. पण त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, आजचा दिवस चांगला आहे. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि पाद्रीबाबांच्या कोटाची वरची बटणं लावून ताठ बसले. त्यांना काहीतरी कळलं असावं.

सव्वाअकराला कलम नऊ आलं. श्रीमती लुंड यांनी ते वाचलं. हॉलिस म्हणाला, आमची भूमिका सर्वांना माहीत आहे, प्रश्न भारताचा आहे. बाईंनी चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं. सगळा हॉल माझ्याकडे बघत होता. त्यांनी स्वच्छ, सरळ विचारलं, "कलम नऊ आहे तसं भारत स्वीकारू शकतो का?"

मी हसलो. मान किंचित खाली घातली. माझा उजवा हात आपोआप कागदांवर आडवा गेला, आणि मी म्हणालो, "नो, नो."

बोटांत फट होती. मला आजही आठवतंय, चांगली बोटभर फट होती.

आता त्या म्हणणार होत्या, भारतानं कृपया विचार करावा. मी म्हणणार होतो, कठीण आहे. त्या म्हणणार होत्या, सर्व देशांची विनंती आहे. आणि मग मी, सगळ्या जगाच्या आग्रहाखातर, अगदी थोडं म्हणून, हो म्हणणार होतो. वाक्यसुद्धा मनात जुळवून ठेवलं होतं.

"इतक्या स्पष्टपणे सांगितल्याबद्दल भारताचे आभार," श्रीमती लुंड म्हणाल्या. "कलम नऊ वगळण्यात येत आहे. कलम दहा."

माझं हसू तोंडावर तसंच राहिलं. ते कुठं ठेवावं कळेना. शेजारी मास्तरांनी आपली पाटी हातात घेतली होती. ते माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले, "मी काही करू का? पुन्हा विचारायला सांगू?"

यावर मी काय म्हणालो असेन, ते तुम्हीच ओळखा. मी म्हणालो, "नो, नो."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाटलं की त्यांना कशाला त्रास. शिवाय बाई शेवटी एकदा विचारतीलच. मास्तरांनी पाटी खाली ठेवली. कलम दहा पाच मिनिटांत मंजूर झालं, अकरा त्याहून लवकर. एक वाजता बाईंनी जेवणाची सुट्टी दिली आणि मला कुणीही काहीही विचारलं नाही.

मी आधी हॉलिसला गाठलं. आडून आडून सुचवलं की कलम नऊबद्दल त्यांच्याकडून पुन्हा विचारणा झाली तर आमच्या बाजूनं विचार होऊ शकेल. त्यानं माझा हात हातात घेऊन दाबला. "तुम्ही आम्हाला वाचवलंत," तो म्हणाला. तुम्ही हो म्हणालात तर हो म्हणायचं, असं त्याच्या सरकारनं त्याला सांगितलं होतं, आणि अर्ध्या सरकारला ते नकोच होतं. तुम्ही नाही म्हणणार यावर आमची पूर्ण भिस्त होती, असं तो म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

मग श्रीमती लुंड. त्यांनी शांतपणे ऐकलं. नियम साधा होता. आधीची भूमिका चुकून मांडली गेली, एवढं लेखी दिलं तर कलम पुन्हा चर्चेला घेता येईल. मुदत तीन वाजेपर्यंत. त्यांनी मला एक कोरा कागद दिला. एका ओळीचं काम होतं.

तो कागद घेऊन मी खिडकीजवळ बसलो. 'चुकून' हा शब्द लिहायला घेतला की पेन थांबायचं. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी तो शब्द दुसऱ्यांबद्दल पुष्कळ वेळा लिहिला होता. आणि कारण काय देणार? की आमच्याकडे पोहे तिसऱ्यांदा विचारल्यावर घेतात? शेवटी मॅडमना फोन लावला. म्हटलं, त्याच हुकूम देतील, तो कागदावर उतरवू.

"शाब्बास, खासनीस," मी तोंड उघडण्याआधीच मॅडम म्हणाल्या. बातमी दिल्लीत पोचली होती. टीव्हीवर पट्टी फिरत होती. वरचे लोक खूश होते. सकाळचा होकार तसा नाइलाजाचाच होता, आणि ऐन वेळी तुम्ही नस ओळखलीत, असं त्या म्हणाल्या. "आयत्या वेळी निर्णय घ्यायला हिंमत लागते. तुमच्यात ती असेल असं वाटलं नव्हतं."

"मॅडम, मी खरं तर..."

"हो, बोला."

सांगायची वेळ तीच होती. कागद पुढ्यात होता, पेन उघडं होतं, घड्याळात दोनला दहा कमी होते. मी म्हणालो, "काही नाही मॅडम. हवा फार थंड आहे इथली."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी स्वतःला सांगितलं. तीन वाजेपर्यंत त्या खिडकीशी बसून राहिलो, आणि तीन वाजले तेव्हा मला हायसं वाटलं. याची लाज मला 'नो, नो'पेक्षा जास्त वाटते. ती चूक जिभेची होती. हे मी एक तास दहा मिनिटं विचार करून केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळाच्या बसमध्ये मास्तर माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांनी रागानं काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. ते उलट माझीच समजूत घालायला लागले. गावाला मी नीट समजावून सांगेन, म्हणाले. तुमच्याकडेही गरीब कोळी आहेत, जुन्या बोटी आहेत, एवढ्या मोठ्या देशाला सगळा विचार करूनच उत्तर द्यावं लागतं. "माझ्या मुलांना मी शिकवतो की माणूस विचार करून नाही म्हणाला तर त्याच्यावर रागवायचं नाही."

मला ते सहन होईना. तीस जणांच्या त्या बसमध्ये, सामान मांडीवर घेऊन, मी त्यांना सगळं सांगून टाकलं. मॅडमचा सकाळचा फोन, होकार, आई, पंगत, जिलबी, बोटांतली फट. सांगताना मलाच ते इतकं हास्यास्पद वाटत होतं की मधेच मला हसू आलं, आणि मग ते हसू नीट राहिलं नाही. कोऱ्या कागदाचंही सांगितलं. काही वगळलं नाही.

मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"तुमच्यात किती वेळा विचारावं लागतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तीनदा. कधी कधी दोनदा पुरतं."

"मी तुमच्या शेजारीच बसलो होतो." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाटी माझ्या हातात होती. तीनदाच काय, मी संध्याकाळपर्यंत विचारलं असतं. मला दुसरं काम काय होतं?"

बस विमानतळावर थांबली. आम्ही उतरलो, आपापलं सामान घेतलं. त्यांचं दार एकीकडे, माझं दुसरीकडे. दोन पावलं जाऊन ते परत आले. हातातली पिशवी खाली ठेवली, कोट सारखा केला, आणि माझ्यासमोर ताठ उभे राहून त्यांनी श्रीमती लुंडबाईंच्याच शब्दांत विचारलं, "कलम नऊ आहे तसं भारत स्वीकारू शकतो का?"

आजूबाजूनं माणसं सामानाच्या गाड्या ढकलत जात होती. मास्तरांच्या तोंडावर थट्टा नव्हती, रागही नव्हता. ते खरंच विचारत होते.

"हो," मी म्हणालो. जन्मात पहिल्यांदा मी पहिल्या विचारण्याला हो म्हणालो.

"आभार," मास्तर म्हणाले. पिशवी उचलून ते आपल्या रांगेत जाऊन उभे राहिले. रविवारी त्यांच्या गावाची बैठक झाली, आणि मार्चमध्ये मला त्यांचं पत्र आलं तेव्हा त्यावर डोंगराचा पत्ता होता.